जहाजाची बैठक आधी, शिडं नंतर

मा. संपादक,

स. न. वि. वि.

डिसेंबर जवळ आला की आमच्या देवगड-मालवण भागातल्या शाळांतून जहाजांच्या प्रतिकृतींची प्रदर्शनं लागतात. २०२३ साली नौदल दिनाचा मुख्य सोहळा सिंधुदुर्गात झाला, तेव्हापासून तर गुराब, गलबत ही मराठ्यांच्या आरमारातली जहाजं आणि विक्रांत ही विमानवाहू नौका करायचा पोरांचा उत्साह फारच वाढलेला मला दिसतो. परीक्षक शिडांची शिवण पाहतात, तोफा मोजतात, रंगाला गुण देतात. जहाज बैठकीवर कशानं धरलं आहे, हे मात्र कुणी वाकून पाहत नाही. या स्पर्धांच्या नियमांत एक ओळ वाढवावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे: प्रतिकृती बैठकीला खालून बोल्टांनी आवळलेली असावी, नुसती चिकटवलेली नसावी.

मी मुंबईच्या एका गोदीत पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करणारा कारागीर, होतो. निवृत्तीनंतर विजयदुर्गाजवळ गावी राहतो आणि लाकडी जहाजं करतो. आसपासच्या शाळांतली, मंडळांतली मोडलेली जहाजंही माझ्याकडे दुरुस्तीला येतात. कुणाची डोलकाठी बुडाशी तुटलेली, कुणाचं सुकाणू निखळलेलं, कुणाची नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, चेपलेली. विचारत गेलं की बहुतेक वेळा उत्तर एकच निघतं: जहाज बैठकीवरून सुटलं.

एका वाचनालयात गावच्या तरुणांनी केलेली जवळपास तीन फुटी गुराब होती. अख्खा पावसाळा राबून केलेली, दोर इतके नेटके ओवलेले की मी स्वतः उभा राहून बघत राहिलो होतो. कार्यक्रमाच्या आधी साफसफाई करताना दोघांनी ती कपाटावरून खाली घ्यायला उचलली. बैठक एकाच्या हातात राहिली आणि गुराब फरशीवर. ती माझ्याकडे आली तेव्हा मी आधी बैठक तपासली. चिकटवलेल्या जागी काळ्या रंगाची सलग पट्टी जशीच्या तशी होती. म्हणजे गोंद सुटला नव्हताच, त्यानं रंग घट्ट धरून ठेवला होता. सुटला तो रंग, लाकडापासून.

इथेच सगळी मेख आहे. रंगवलेल्या जहाजाला गोंद लावला की तो लाकडाला चिकटत नाही, रंगाला चिकटतो. रंग लांबीला, म्हणजे खालच्या पुट्टीला, आणि लांबी लाकडाला. यातला सगळ्यात कच्चा थर जेवढं ओझं पेलेल तेवढंच जहाज पेललं जातं. त्यात जहाज टेकतं ते फक्त पठाणावर, म्हणजे तळाच्या कण्यावर. दोन फुटी जहाजात त्याची रुंदी सात-आठ मिलिमीटर. वर डोलकाठी पन्नास सेंटीमीटर. झाडणीचा किंवा एखाद्या बाळाच्या हाताचा पाव किलोचा धक्का शेंड्याला लागला, की खाली चार मिलिमीटरच्या तरफेवर तो तीसेक किलोचा ताण होऊन पोचतो. कुठल्याही गोंदाची जाहिरात खरी मानली तरी रंगाच्या पापुद्र्याकडून ही अपेक्षा करता येत नाही.

खरं जहाज सुक्या गोदीत घेतात तेव्हा काय करतात ते मी अनेकदा जवळून पाहिलं आहे. पाणी काढायच्या आधीच गोदीच्या तळावर मधोमध ठोकळ्यांची रांग मांडलेली असते. कुठला ठोकळा कुठे, हे त्या त्या जहाजाच्या डॉकिंगच्या नकाशावर ठरलेलं असतं, आणि ठोकळे येतात ते जहाजाच्या आतल्या मजबूत चौकटींच्या खाली. ओझं कण्यावर जातं, बाजूचे टेकू फक्त कलू देत नाहीत. मुंबईत ही विद्या १७५० सालापासून आहे, बॉम्बे डॉक बांधली तेव्हापासून. आमच्या वाघोटण खाडीच्या काठी मराठ्यांच्या आरमाराची गोदी आहे, तिथेही भरतीला आत आलेलं जहाज ओहोटीला टेकवण्याचाच प्रश्न होता. ज्या गावांत हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं, त्याच गावांतल्या पोरांची जहाजं फेविकॉलच्या भरवशावर उभी असावीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता करायचं कसं ते सांगतो, म्हणजे नियम आला तरी शिक्षकांना अडायला नको.

बैठकीचा विचार जहाज पुरं झाल्यावर करायचा नसतो. ज्या दिवशी पठाण घालाल त्याच दिवशी बोल्ट कुठे येणार ते ठरवा. वाकांवर, म्हणजे जहाजाच्या फासळ्यांवर, फळ्या मारून पोकळ जहाज करणार असाल, तर मधल्या उभ्या फळीच्या दोन्ही अंगांना, बोल्टाच्या जागी, कठीण लाकडाचे ठोकळे चिकटवून घ्या. या वेळी सगळं लाकूड कोरं असतं, त्यामुळे इथे गोंद आपलं काम चोख करतो. ठोकळ्यात सहा पैलूंचा पितळी नट बसेल अशी खाच कोरा आणि नट अ‍ॅराल्डाइटनं पक्का करा. बोल्टाच्या आट्यांना मेण चोळून तो नटात फिरवून ठेवा, म्हणजे आटे भरून जात नाहीत. दोन फुटांच्या जहाजाला चार मिलिमीटरचा बोल्ट पुरतो, तीन फुटांच्या वर गेलात तर पाच किंवा सहाचा घ्या. बोल्ट दोन हवेतच. एकावर जहाज गरगर फिरतं.

जागा? लांबीचे चार भाग करायचे, पहिल्या आणि तिसऱ्या खुणेवर बोल्ट. पण गुराब करणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. गुराबेची नाळ निमुळती होत पुढे पाण्यावर लांब आलेली असते, आणि पोरं ती धरून लांबी मोजतात. मग पुढचा बोल्ट फार पुढे, जिथे आत ठोकळा ठेवायला जागाच नाही अशा चिंचोळ्या भागात येतो. नाळेचा पुढे आलेला भाग सोडून मोजावं आणि पुढचा बोल्ट जहाजाचं पोट भरायला लागतं तिथे घ्यावा. कोकणी मचव्याची डोलकाठी पुढे झुकलेली असते, त्याचं वजन पुढे जातं, म्हणून त्यातही पुढचा आधार नीट भरल्या अंगाखाली हवा. आणि काही जुन्या धाटणीच्या होड्यांचा पठाण तळाशी अगदी सरळ नसतो. तशी होडी केली असेल तर बोल्ट आवळून तो पठाण बैठकीवर सपाट बसवायचा प्रयत्न करू नये, फळ्यांचे सांधे उघडतात. मधल्या फटीच्या मापाची पट्टी घालून तिला आहे त्या आकारात उभी करावी.

पठाणात भोक सरळ पाडणं हे सगळ्यात नाजूक काम. सात मिलिमीटरच्या लाकडात साडेचारचं भोक हातानं पाडायचं म्हणजे दोन्हीकडे जेमतेम सव्वा मिलिमीटर लाकूड उरतं. त्यासाठी एक ठोकळा करून घ्यावा. त्याच्या एका अंगाला पठाणावर घट्ट बसेल अशी खाच आणि बरोबर मधून आरपार भोक. ठोकळा पठाणावर चढवला की ड्रिलला इकडेतिकडे जायला वाट राहत नाही. हे काम शिडं, दोर, तोफा चढायच्या आधी करायचं, जहाज उलटं करून मांडीवर घेता येतं तेव्हाच.

बैठक आणि पठाण यांच्यामध्ये पितळेचे दोन खुंट असले तर जहाज देखणं दिसतं. खुंटाच्या माथ्यावर पठाणाच्या जाडीची दोन-तीन मिलिमीटर खोल खाच हवी, बोल्ट मधून जातो. लेथवाला सहज करून देतो. पितळ नको असेल तर शिसवीचे कातून घ्या, सावंतवाडीला लाकूड कातणाऱ्या कारागिरांची कमी नाही. बोल्ट मात्र पितळेचे किंवा स्टेनलेसचेच घ्यावेत. खाऱ्या हवेत साधा लोखंडी स्क्रू गंजतो, गंज फुगतो आणि पठाण उभा चिरतो. अशी चिरलेली जहाजं मी हाताळली आहेत, ती दुरुस्त करणं डोलकाठी बदलण्याहून कितीतरी अवघड.

पोलादी युद्धनौकांच्या प्रतिकृती करणाऱ्यांना तर खुंटांशिवाय गत्यंतर नाही. माझगावला बांधलेल्या विशाखापट्टणमसारख्या विनाशिकेच्या नाळेखाली सोनारचा, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्राचा, फुगवटा असतो, मागे पंखे आणि सुकाणू. हे सगळं अधांतरी राहील एवढी खुंटांची उंची हवी. विक्रांतचं आणखी वेगळं. खरी विक्रांत २६२ मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद. तीनशे पन्नासाव्या भागाच्या मापात ती पाऊण मीटर लांब आणि अठरा सेंटीमीटर रुंद होते. पण ही रुंदी उड्डाणपट्टीची, पाण्याखालचं अंग त्याहून खूप अरुंद. म्हणजे वरचा भार बाहेर आलेला आणि खाली टेकायला जागा थोडी. अशा जहाजाची बैठक निदान उड्डाणपट्टीएवढी रुंद हवी, म्हणजे धक्का भिंतीचा असो की माणसाचा, आधी बैठकीला लागतो. प्लास्टिकच्या किटमधून केलेलं जहाज असेल तर त्याचं कवच जेमतेम दोन मिलिमीटरचं असतं, त्यात स्क्रू काहीच धरत नाही. वरचा डेक चिकटवण्याआधी आत लाकडाचा ठोकळा बसवून त्यात नट घालावा लागतो. डेक बंद झाला की ती संधी गेली.

बैठकीचं लाकूड हा माझ्या आवडीचा विषय, म्हणून थोडं जास्त लिहितो. पॅटर्नमेकरच्या पट्टीवरचा सेंटीमीटर तुमच्या-आमच्या सेंटीमीटरपेक्षा जरासा मोठा असतो. बीड ओतलं की थंड होताना शंभराला साधारण एक आकसतं, म्हणून लाकडी नमुना तेवढा मोठा करायचा, आणि ते गणित पट्टीवरच कोरलेलं असतं. वस्तू ठेवली तशी राहत नाही, ही गोष्ट आम्हाला पहिल्या दिवशी हातात मिळते. लाकडाचंही तेच. लांबीत ते जवळपास हलत नाही, पण रुंदीत पावसाळ्यात फुगतं आणि मार्च-एप्रिलला आकसतं, आषाढात दार चौकटीत अडकतं तसं. म्हणून बैठकीच्या फळीचे रेषे जहाजाच्या लांबीच्या दिशेनंच हवेत. मग दोन्ही बोल्ट एकाच रेषेत येतात आणि लाकूड कितीही श्वास घेवो, त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. रेषे आडवे घेतले तर ऋतू पालटला की दोन्ही बोल्ट पठाणाला विरुद्ध दिशांना ओढतात. तरीही बैठकीतलं भोक बोल्टापेक्षा अर्धा मिलिमीटर सैल ठेवावं. बोल्टाचं डोकं आत बुडेल अशी वाटी खालून कोरावी आणि वायसर घालावा. आवळताना हाताला लागेल एवढं आवळून वर पाव फेरा, बस.

सागवानासारखं लाकूड नाही. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली त्रिंकोमाली ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगते आहे. पण सागवान सुकं हवं. वखारीतून नवी फळी आणण्यापेक्षा जुनं घर मोडताना निघालेली तुळई किंवा चौकट मिळाली तर सोनं समजावं, तिचं जे काही वाकायचं-आकसायचं ते होऊन गेलेलं असतं. जुना फणसही उत्तम. ते नसेल तर चांगलं मरीन प्लाय. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, मात्र कोकणात नको. दमट हवेत त्याच्या कडा फुगतात आणि एकदा फुगल्या की परत बसत नाहीत.

काचपेटी करणार असाल तर एमडीएफ टाळण्याचं दुसरंही कारण आहे. असल्या बोर्डांतून आणि कच्च्या लाकडातून आम्लाची वाफ हळूहळू निघत राहते. तोफा, नांगर शिशाचे ओतलेले असतील तर बंद पेटीत त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते आणि काही वर्षांत तोफेचा आकारच जातो. संग्रहालयांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. पेटीच्या तळाशी मागच्या बाजूला, जाळी लावलेली दोन बारीक भोकं ठेवली की हवा खेळती राहते. घोडीवर, म्हणजे जहाज नुसतं टेकवून ठेवायच्या लाकडी आधारावर, ठेवलेल्या जहाजाखाली काही जण रबराची पट्टी लावतात. तीही नको, रबर आणि मऊ प्लास्टिक रंगाला धरतं आणि डाग उठतो. सुती पट्टी बरी.

घोडीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. बोल्टाचा आग्रह नव्यानं होणाऱ्या जहाजांसाठी आहे. कुणाच्या घरी आजोबा-पणजोबांनी केलेलं जुनं जहाज असेल तर त्याच्या पठाणाला ड्रिल लावू नका. त्याला अंगाच्या घाटाची घोडी करावी, हलवताना सुती नाडीनं घोडीला बांधावं, आणि जागेवर पोचलं की नाडी सोडावी. जुन्या वस्तूला केलेलं काहीही पुढच्या माणसाला उलटवता आलं पाहिजे. खरं तर बोल्टाच्या बाजूनं माझं सगळ्यात मोठं कारणही हेच आहे. बोल्ट सोडता येतो. जहाज दुरुस्तीला काढता येतं, बैठक कुजली तर बदलता येते. अ‍ॅराल्डाइटनं बैठकीला जोडलेलं जहाज मी करवतीनं कापून वेगळं केलं आहे, आणि तेव्हा पठाणाचा काही भाग भुशाबरोबर गेलाच.

एक साधी गोष्ट राहिली. बैठकीला खालून बोटभर उंचीचे चार पाये असावेत. बैठक टेबलाला सपाट चिकटून बसली असेल तर उचलणाऱ्याची बोटं खाली शिरत नाहीत, आणि मग तो माणूस जहाजाला हात घालतो, नाहीतर डोलकाठीलाच धरतो. बोटं जायला जागा असली की कुणीही आपोआप बैठकच उचलतो. त्यासाठी ‘हात लावू नये’ अशी पाटी लागत नाही.

खर्चाचं म्हणाल तर दोन पितळी बोल्ट, दोन नट आणि वायसर यांना शिडाच्या कापडाहून कमी पैसे पडतात. वेळही फार नाही, फक्त तो योग्य दिवशी द्यावा लागतो. सातवीतली एक मुलगी तिचं गलबत घेऊन माझ्याकडे आली होती. पहिलं वाक्य बोलली ते, “आजोबा, ह्यां हलता.” तिनं चाळीस वल्ही एकेक करून तासली होती. तिला दूरच्या गावी प्रदर्शनाला जायचं होतं, एसटीनं. आम्ही वल्ही आणि शिडं उतरवली, जहाज उलटं केलं, तळातून दोन खिडक्या कापून आत ठोकळे बसवले आणि पुन्हा फळ्या लावल्या. आदल्या रात्रीपर्यंत ते काम चाललं. गलबत गेलं आणि धड परत आलं. पण हेच काम पठाण घालताना केलं असतं तर तिच्या चार रात्री वाचल्या असत्या, आणि हे तिला सांगणारं कुणीतरी शाळेत असायला हवं होतं.

म्हणून माझी विनंती शिक्षण विभागाला, स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना आणि पाहुण्यांना जहाजं भेट देणाऱ्या कार्यालयांनाही आहे. या वर्षीची पत्रकं छापण्याआधी ही ओळ त्यात घालावी. परीक्षकांनी गुण देताना बैठक दोन्ही हातांनी धरून जहाज एका अंगाला, मग दुसऱ्या अंगाला चांगलं तिरकं करून पाहावं आणि खालून बोल्टांची डोकी दिसतात का ते बघावं. शंभरातले दहा गुण या एका गोष्टीला ठेवावेत, पोरं बरोबर करतात. भोक पाडायचा खाचेचा ठोकळा ज्या शाळांना हवा असेल त्यांना मी तो विनामूल्य करून देईन. त्यासाठी पठाणाची जाडी आणि बोल्टाचा व्यास, ही दोनच मापं मिलिमीटरमध्ये मला हवीत. शाळांनी ती आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयाकडे पाठवली तर मी तिथून घेईन. आपली हरकत नसावी.

कळावे,
आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर
विजयदुर्ग परिसर, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग